समुद्राच्या पाण्याचा कॅन

“अजून आईचंच चाललंय,” सूक्ष्मदर्शकावरची मान न उचलता सर म्हणायचे. माशाच्या अंड्यांबद्दल म्हणायचे, आणि घरच्या डब्यावर जगणाऱ्या माझ्याबद्दलही. नगरच्या कॉलेजात मी त्यांच्या हाताखाली प्रयोगशाळेत होतो.

जवळपास नसलेल्या गोष्टीचंच वेड असलेला एखादा माणूस तुम्हीही पाहिला असेल. नगरला समुद्र नाही आणि सरांना ध्यास समुद्रातल्या माशांचा. सुट्टी लागली की एसटीने मुंबईला जायचे. खाडीतले चिमुकले मासे शिंपल्यांच्या आत अंडी चिकटवतात, ते शिंपले घेऊन यायचे. मांडीवर बरणी, पायाशी समुद्राच्या पाण्याचा कॅन.

“तूप का, मास्तर?” कंडक्टर विचारायचा.

“समुद्र,” सर म्हणायचे आणि तिकीट मागायचे.

“सुरुवातीला अंड्यातला जीव आईने भरून दिलेल्या शिदोरीवर वाढतो,” ते मला समजावायचे. “त्याची स्वतःची जनुकं गप्प असतात. मग एकेक जागं होतं. कुणी काळजाचं, कुणी डोळ्याचं.” पारदर्शक अंड्यात डोळ्यांचा काळा रंग भरताना त्यांना एकदा पाहायचा होता. नगरच्या उन्हात अंडी त्याआधीच मरायची. दोन दिवसांनी सर पुन्हा एसटीचं वेळापत्रक काढायचे.

त्यात दुष्काळ पडला. पाथर्डीकडची माणसं कॉलेजमागच्या माळावर खडी फोडायला आली. सर घरून आणलेलं पिण्याचं पाणी त्यांना वाटून टाकायचे आणि स्वतः कोरड्या घशाने शिकवायचे.

सरांनी तेव्हा नुकतेच नवे शिंपले आणले होते आणि कॅन प्रयोगशाळेच्या दारात ठेवला होता. एका दुपारी खडी फोडणाऱ्यांतली एक बाई तान्हं लेकरू घेऊन धावत आली. दुसऱ्या हातात सरांचा कॅन होता.

“ह्ये कसलं पानी हाय वो? लेकराला पाजलं, तर नुसतं वकतंय!”

“अहो बाई, त्यावर लिहिलं होतं...”

“लिवलं आसंल. मला कुटं वाचाया येतंय? दारात पानी दिसलं, नेलं.”

सर पांढरेफटक पडले. लेकरू उचलून ते अनवाणीच दवाखान्याकडे पळाले. बाई मागे, मी तिच्या मागे.

दुसऱ्या दिवशी अंडी बघायला मी एकटाच प्रयोगशाळेत गेलो. कॅन धावपळीत सांडून रिकामा, अंड्यांच्या बशीतलं पाणी आटत आलेलं. भिंगातून पाहिलं, तर प्रत्येक अंड्यात दोन काळे ठिपके. मला रडूच आलं. तसाच दवाखान्यात पळालो.

“सर, अंड्यांत डोळे दिसतायत! चला, पाणी संपतंय.”

लेकरू त्यांच्या मांडीवर होतं. ते चमच्याने त्याच्या ओठांवर साखरपाणी सोडत होते.

“जावा की मास्तर, मी हाय,” बाई म्हणाली.

“यानं अजून डोळे उघडले नाहीत,” सर म्हणाले आणि चमचा पुन्हा भरला.

संध्याकाळी लेकराने डोळे उघडले आणि टाहो फोडला. आम्ही परतलो तेव्हा अंडी पांढरी पडली होती. सरांनी बशी न पाहताच धुतली. लेकरू वाचलं याचा आनंद मला झाला. सरांना मात्र, का कोण जाणे, तो कधी घेताच आला नाही. पुन्हा ते समुद्राकडे गेले नाहीत. वर्ष संपताच कॉलेजही सोडून गेले.

तो कॅन मात्र फळीवर राहिला. जाण्यापूर्वी सरांनी त्यावर लाल रंगात एक माणूस काढला होता, तोंड वेडंवाकडं करून पाणी थुंकणारा. चित्रकला बेताचीच, पण न वाचता येणाऱ्यालाही कळेल अशी. कॅन रिकामाच होता.