लायटरची टकटक

आमच्या म्हसवडकडं शर्यतीच्या बैलाला लपूनछपून बॅटरीचा शॉक देतात. माझ्या चुलत्यानंही दिला. आधी बटण टक्कन वाजायचं, मग शॉक बसायचा. पुढं पुढं नुसत्या आवाजानंच बैल उधळायला लागला. चुलत्याला त्याचं कोण कौतुक!

बैल म्हातारा झाला, शर्यती सुटल्या. तरी आईनं चहाला गॅसचा लायटर टकटक वाजवला की गोठ्यात तो थरथरायचा. मी चिडून काडेपेट्यांचा पुडाच आणून ठेवला, पण सवयीनं आईचा हात लायटरकडंच जायचा.

बैलाशेजारी चुलत्यानं शर्यतीसाठी नवं खोंड बांधलं होतं. त्याला शॉक कधीच दिलेला नव्हता. परवा लायटर वाजला आणि बैलाच्या आधी खोंडच भिंतीवर धडकलं.

चुलता खुशीत म्हणाला, "ह्याला शिकवाय लागायचं न्हाई रं!"