दारातलं इंग्रजी

बाबा गेल्यानंतर आई मुलुंडच्या घरात दिवसभर एकटी असायची. मी सकाळी 'बाय' म्हणून अंधेरीच्या ऑफिसला निघायचे, ती अंधार पडल्यावरच परत. अशात समोरच्या फ्लॅटमध्ये तामिळनाडूहून एक मामी आपल्या मुलाकडे राहायला आल्या. त्यांना मराठी-हिंदीचा गंध नव्हता, आईला तमिळचा. मामींना थोडंफार इंग्रजी मात्र यायचं.

"मला इंग्रजी शिकव," आई म्हणाली. "ती बघून हसते, मी बघून हसतंय. गाल दुखूक लागले माझे!" आई मूळची मालवणची, वैतागली की तिकडचं बोलणं बाहेर येतं.

रविवारी शिकवणी सुरू झाली. माझा स्वभाव मास्तरकीचा नाही. तिसऱ्यांदा सांगायची वेळ आली की आवाज चढतोच. 'फाइन' आईला फार आवडला. भाजी फाइन, लेक फाइन, गुडघे नॉट फाइन. 'थँक यू' मात्र तिने मामींपुरता बाद केला. "त्यांची सांबाराची वाटी मी कधी रिकामी पाठवली नाही. वर थँक यू कसलं? परक्या आहेत का त्या?"

बघता बघता दोघींच्या गप्पा दारात उभ्यानेच रंगायला लागल्या. आईचा चेहरा परत पहिल्यासारखा दिसायला लागला, आणि मला ऑफिसात जरा बरं वाटायला लागलं.

एकाच ठिकाणी गाडी अडली. मामींकडून निघताना आई म्हणायची, "आय ॲम कमिंग."

"गोइंग, आई! जाते म्हणजे गोइंग!"

"तू म्हण. मी कोणाच्या दारातून जाते म्हणून निघणार नाही. येतेच म्हणणार."

मी कपाळाला हात लावला.

मग मामींच्या मुलाची चेन्नईला बदली झाली. आई दोन दिवस धड जेवली नाही. निघायच्या सकाळी मामी दारात आल्या. आईच्या सांगण्यावरून मी त्यांना हळदीकुंकू लावलं, ओटी भरली. मामींचे डोळे भरून आले. "आय ॲम गोइंग," त्या कशाबशा म्हणाल्या.

आईने झटकन त्यांच्या तोंडावर हात ठेवला. "नो गोइंग. कमिंग!"

मामी आधी गोंधळल्या, मग रडता रडता हसल्या आणि तमिळमध्ये काहीतरी म्हणाल्या. मुलाने हिंदीत सांगितलं, आमच्याकडेही निघताना 'जाऊन येते' असंच म्हणतात. मग आईचा हात धरून मामी नीट म्हणाल्या, "आय ॲम कमिंग."

"कम," आई म्हणाली. लिफ्ट खाली गेली तरी ती दारातच उभी होती.

दुसऱ्या दिवशी मी चपला घालत होते. समोरच्या दाराला कुलूप होतं. 'बाय' ओठांवर आला होता, तो मी गिळला.

"आई, कमिंग."

"ये," ती म्हणाली. "लवकर ये गं आज. बोलायला कोणी नाही मला."