संत्र्याच्या बीअरची लेबलं

गेल्या शनिवारी आमच्या कॅरी गावातल्या घरी मित्रमंडळी जमली होती. मी केलेली बीअर पहिल्यांदाच चारचौघांसमोर येणार होती, म्हणून मी जाम टेन्शनमध्ये... आणि बराच वेळ कोणी बाटली उघडेचना! सगळे लेबलंच बघत बसले.

त्या लेबलांबद्दल लिहायचंय.

मी फार्मा कंपनीत काम करते. आठवडाभर लॅब आणि वीकेंडला गॅरेजमध्ये बीअर बनवायचा नाद. या वेळी गव्हाची बीअर केली. त्यात संत्र्याची साल आणि थोडे कुटलेले धने घातले. नागपूरची पोरगी, दुसरं काय घालणार!

आई-बाबा सध्या नागपूरहून इथे परदेशात आलेत. बाबा काटोलकडच्या एका शाळेत ड्रॉइंगचे मास्तर होते. रोज सकाळी वंदना, पंचशील... आणि त्यातलं दारू न पिण्याचं पाचवं शील आयुष्यभर कडक पाळलेलं. त्यामुळे ते आल्यापासून मी गॅरेजचं दार जरा हळूच उघडत होते.

बाबांना कंपवात आहे. हात थरथरतो आणि अक्षर दिवसेंदिवस बारीक होत चाललंय. नागपूरला बँकेत सही जुळेना, पुन्हा पुन्हा करायला लावली. घरी येऊन त्यांनी पेन ठेवून दिलं... आणि त्याबरोबर चित्रंही थांबली. इथे आल्यावर नुसते पॅटिओच्या दाराशी बसून राहायचे. आई म्हणायची, बोलत नाहीत गं आता फारसे.

तर झालं असं... मी कॉम्प्युटरवर मस्त लेबलं डिझाइन केली, घरच्या प्रिंटरवर छापली. एक बाटली फ्रिजमध्ये ठेवून बघितली. बाहेर काढल्यावर बाटलीला घाम सुटला आणि सगळी शाई ओघळली. मी टेबलाशी चिडचिड करत बसले होते.

"काय करून राहिली?"

बाबा मागे उभे! आता लपवणार तरी काय... सगळं सांगितलं. त्यांनी बाटली उचलून ते भिजलेलं लेबल नीट पाहिलं.

"पिणारा तर मी नाही," ते म्हणाले. "पण एवढी मेहनत केली, मग बाटली अशी काऊन? वॉटरप्रूफ काळी शाई मिळते का तुमच्याकडे?"

आई किचनच्या दारात येऊन थांबली. मी तिच्याकडे पाहिलं, तिने माझ्याकडे. मी तशीच चप्पल घालून गाडी काढली.

शाई आणली, बारीक निब आणलं, ड्रॉइंगचा मोठा कागद आणला. बाबा बसले. मांडीवरचा हात थरथरत होता, निब उचललं तरी थरथरत होता... आणि निब कागदाला टेकलं तसा थांबला. डॉक्टरांनी सांगितलं होतं की हात रिकामा असताना जास्त हलतो. पण समोर होताना पाहणं वेगळंच, यार.

त्यांनी संत्र्याची फांदी काढायला घेतली. पण रेघ पुढे जाईल तशी लहान होत गेली. एवढ्या मोठ्या कागदाच्या एका कोपऱ्यात सगळी फांदी गोळा झाली. बाबांनी निब खाली ठेवलं.

"पाह्य ना. आता असं एवढंसंच होते."

मी नुसती वाकून बघायला लागले... आणि बघतच राहिले. पानांच्या शिरा होत्या. सालीवरचे बारीक ठिपके होते. देठावर एक मुंगी चढत होती, तिला पाय होते! हे सगळं माझ्या दोन बोटांखाली झाकलं जाईल एवढ्या जागेत.

मी कात्री घेतली, तो कोपरा कापला आणि बाटलीवर धरला.

जणू त्या बाटलीसाठीच काढला होता.

बाबांनी बाटली हातात घेतली, उजेडाकडे फिरवली. मग म्हणाले, "दुसरा कागद दे. कापूनच दे."

त्यानंतर ते थांबलेच नाहीत. सकाळची वंदना झाली की टेबलाशी. एका लेबलावर कळ्या, एकावर हिरवं फळ, एकावर अर्धं सोललेलं संत्रं, एकावर फुलात शिरलेली मधमाशी... एकासारखं दुसरं नाही. खाली बारीक अक्षरात बीअरचं नाव, तेही त्यांनीच ठेवलेलं. आंबिया. थंडीच्या शेवटी संत्र्याला फुलं येतात, त्या आंबिया बहरावरून.

लेबलं चिकटवायला घरी बीअर बनवणारे दूध वापरतात. मागून दुधाचा ब्रश फिरवायचा, वाळलं की घट्ट बसतं. हे ऐकून आईने कपाळावर हात मारला. "आता बीअरच्या बाटलीला दुधाचा अभिषेक!" म्हणाली... आणि वाटी घेऊन स्वतःच चिकटवायला बसली.

शनिवारी आमचा पुण्याचा मित्र बाटली डोळ्यांजवळ नेऊन म्हणाला, "काका, हे हाताने काढलंय?" बाबा लिंबू सरबत पीत बसले होते. "हाताने नाही तर काय! अरे उघडा ना, आतलंही चांगलं आहे म्हणते पोरगी. मला काही माहीत नाही बुवा." सगळे हसले. बाबाही... मोठ्याने. तो आवाज मी किती दिवसांनी ऐकला.

बाबांनी फळ्यावर काढलेलं चित्र पार शेवटच्या बाकावरून दिसायचं. आता ते बघायला त्यांच्या खुर्चीला खुर्ची लावून बसावं लागतं, श्वास ऐकू येईल इतकं जवळ. या दिवसांत मी तशी बसले... आणि उठावंसं वाटलं नाही.