सेठनी सांगितलेला आकडा

राजरत्न शेजवळ बदलापूर गावातून उल्हासनगरला, कॅम्प एकमध्ये कामाला यायचा. परमानंद सेठच्या जीन्स निर्यातीच्या ऑफिसात तो कॉम्प्युटर सांभाळायचा, तेही तात्पुरत्या नोकरीवर. पुढच्या दिवाळीला कायम करू, असं सेठ दर दिवाळीला म्हणायचे आणि राजरत्न दर वेळी विश्वास ठेवायचा. यंदा यशोधराला दिवस गेले होते, त्यामुळे नुसत्या विश्वासावर भागणार नव्हतं.

त्या वर्षी ऑफिसात नवा सर्व्हर आला. येणारा-जाणारा प्रत्येक मेल तो आधी तपासायचा आणि व्हायरस नसला तरच पुढे सोडायचा. एका वेळी किती मेल तपासायला घ्यायचे, त्याची एक मर्यादा असे. तिला थ्रेडची संख्या म्हणत. आकडा होता सोळा. सेठनी तो ऐकला आणि कपाळाला आठ्या घातल्या.

“सिर्फ सोला? नई मशीन है ना? चालीस कर.”

राजरत्नने दुपारी चाळीस केले, दोन-चार मेल पाठवून पाहिले. भुर्रकन गेले. राजरत्नची स्वारी खूश!

पण उल्हासनगरात तेव्हा रोज संध्याकाळी लाइट जायची. ती जाण्याआधी सगळं ऑफिस मालाचे मोठमोठे फोटो एकदम पाठवून मोकळं व्हायचं. इतकी वर्षं तिथे काढूनही दुपारी चाचणी घेताना हे शहाण्याच्या डोक्यात आलं नाही. संध्याकाळी सर्व्हरने चाळीस मेल एकदम तपासायला घेतले, त्याची मेमरी संपली आणि एकही मेल हलेना. दुबईच्या गिऱ्हाईकाने फोनवर सेठचा उद्धार केला.

सेठ राजरत्नवर घसरले. “कल फिर ऐसा हुआ तो परसों से आना मत. साठ कर दे, साठ!”

“हो सेठ,” राजरत्न म्हणाला. समजावण्यात अर्थ नव्हता. चूक कुठे झाली हे आता त्याला कळलं होतं. सेठ निघून गेल्यावर त्याने आकडा आठवर आणला.

दुसऱ्या दिवशी लाइट जायच्या सुमारास सगळ्यांनी नेहमीसारखी घाई केली. मेल रांगेत थांबले, पण थोडे थोडे सरकत राहिले. अंधार झाला तोवर बॅटरीवर चाललेल्या सर्व्हरने सगळी रांग पुढे सोडली होती.

“देखा?” सेठनी सगळ्यांसमोर त्याची पाठ थोपटली. “साठ किया तो कैसा भागा! ये लडका मेरी बात सुनता है. आज से तू पक्का.”

टाळ्या पडल्या. राजरत्नला आनंद झाला, आणि स्वतःची चीडही आली. खरं सांगायला तोंड उघडलं होतं त्याने. पण नुसता हसला.

घरी यशोधराला बातमी ऐकून रडूच फुटलं. डोळे पुसत तिने विचारलं, “एवढे कशावर खूश झाले हो सेठ?”

“त्यांचं ऐकलं म्हणून,” राजरत्न म्हणाला आणि पाय धुवायला मोरीत गेला.