काडीवरून काडीवर

गायकवाड मॅडमनी माझ्या बोटांवर फटका मारला तेव्हा आमची ओळख होऊन अर्धा ताससुद्धा झाला नव्हता.

खराडीतल्या आमच्या कंपनीत जपानी पाहुणे यायचे होते. त्यांच्याबरोबर जेवायला बसणाऱ्या आम्हा मंडळींना जरा माणसांत आणावं म्हणून जपानी रीतीभाती शिकवणाऱ्या मॅडमना बोलावलं होतं. साठीच्या पुढच्या, सडपातळ, कडक इस्त्रीची सुती साडी आणि मनगटावर पुरुषी घड्याळ. कॉन्फरन्स रूममध्ये सुशीचे ट्रे मांडलेले होते. कच्च्या माशाच्या नावाने मी धसका घेतला होता, पण पहिलाच तुकडा काकडीचा निघाला. मी खुशीत येऊन दुसरा उचलला आणि शेजारच्या केदारला म्हटलं, "हा घे, मस्त आहे." केदारनेही आपल्या चॉपस्टिक पुढे केल्या. माझ्या काड्यांतून त्याच्या काड्यांत तो तुकडा जाणार, एवढ्यात फाट्‌कन आवाज आला. तुकडा उडाला तो थेट आमच्या मॅनेजरच्या लॅपटॉपवर.

"काडीवरून काडीवर नाही," मॅडम म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता, पण चेहरा पांढराफटक पडला होता. "बाकी वाटेल तिथे चुका. हे नाही."

मी हबकलेच. मी नाझनीन बागवान, फळवाल्याची मुलगी. आमच्या दुकानात गिऱ्हाइकांशी हुज्जत घालत लहानाची मोठी झालेय, भांडणात कुणाला हार जात नाही. पण माझी बोटं चुरचुरत होती आणि समोरची बाई माझ्यापेक्षा जास्त घाबरलेली दिसत होती. अशा माणसाशी भांडणार तरी कसं?

घरी जाताना कॅबमध्ये मोबाइलवर शोधलं आणि अंगावर काटा आला. जपानमध्ये दहन झाल्यावर घरची माणसं चॉपस्टिकनेच अस्थी उचलतात. दोघं मिळून, एकाच्या काड्यांतून दुसऱ्याच्या काड्यांत देत मडक्यात ठेवतात. म्हणून जेवताना घास तसा द्यायचा नसतो. आमच्यात माणूस मातीत जातो, त्याचं हाड पुन्हा कुणाच्या नजरेस पडत नाही. आणि मी आपली हसत हसत काकडी पुढे करत होते! दुसऱ्या दिवशी मी मॅडमसमोर जाऊन उभी राहिले.

"मला कळलं, मॅडम."

"गुगल?"

"हो."

"काल यायच्या आधी केलं असतंस तर माझा हात वाचला असता," म्हणाल्या आणि शेंगदाण्यांची वाटी माझ्यापुढे सरकवली.

शेंगदाणे हा त्यांच्या शिकवणीचा पाया होता. एका वाटीतले दाणे काड्यांनी उचलून दुसऱ्या वाटीत टाकायचे, सांडले की पहिल्यापासून. चांगल्या पगाराची माणसं घाम पुसत दाणे उचलत बसलेली पाहून शिपायांना कोण आनंद व्हायचा. त्यात मॅडमचं बोलणं अस्सल पुणेरी, म्हणजे साखर बाहेरून आणावी लागायची. कुणी सुशीचा तुकडा अर्धा चावून परत ठेवला की म्हणायच्या, "सुशी म्हणजे पाणीपुरी समजा. अर्धी चावून ताटात ठेवलेली पाणीपुरी कुठे पाहिलीय का आपण?" कुणी वसाबीची ती हिरवी तिखट चटणी सोया सॉसमध्ये घोटायला लागलं की, "पिठलं करायला बसलेलो नाही आपण." भाताची बाजू बुडवायची नाही, माशाची बाजू सॉसला नुसती टेकवायची. आल्याचे गुलाबी काप तुकड्यावर ठेवायचे नाहीत. "ते लोणचं नाही, दोन घासांमधली चूळ आहे ती." हाताने खाल्लं तरी चालतं हे त्यांनी शेवटी सांगितलं, तेव्हा आमचा जीव शेंगदाण्यांवर अर्धा झालेला होता.

"मग हे आधी का नाही सांगितलं?" केदार कळवळला.

"आधी सांगितलं असतं तर आपण दाणे उचलले असते?"

मला मात्र त्यांनी एक गोष्ट वेगळी बसवून शिकवली. मी दारू घेत नाही, डुकराचं मांस खात नाही, आणि पाहुण्यांपुढे हे कसं बोलायचं याची मला धास्ती होती. मॅडम म्हणाल्या, "हात पेल्यावर हलकेच आडवा धरायचा, किंचित वाकायचं आणि म्हणायचं, नको. एवढंच. कारण सांगू नकोस बागवान. कारण सांगितलं की वाद सुरू होतो. आणि ताट ढकलायचं नाही. ताट ढकलणं म्हणजे माणूस ढकलणं."

पाहुणे आले त्या दिवशी आम्ही परीक्षेला बसल्यासारखे बसलो होतो. त्यांच्यातले मुख्य, पिकल्या केसांचे गृहस्थ, अगदी माझ्यासमोर होते. त्यांनी आल्याचा भला मोठा काप तुकड्यावर लादला, भातासकट सॉसमध्ये बुचकळला आणि आता ढेकर देतील अशा थाटात खाल्ला. आमची तोंडं उघडी ती उघडीच. सगळ्यांनी एकदम मॅडमकडे पाहिलं. त्या मराठीत पुटपुटल्या, "तो घरचा माणूस आहे. घरच्याने कुठेही फतकल मारावं, पाहुण्याने पाटावर बसावं. समोर बघा." मला साके, म्हणजे तांदळाची दारू, वाढायला कुणीतरी वाकलं, मी हात आडवा धरला, वाकले, नको म्हटलं. समोरचे गृहस्थही वाकले आणि त्यांनी स्वतः मला चहा ओतून दिला. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला मॅडमची मान किंचित हलली. त्यांच्याकडून याहून मोठी शाबासकी कुणाला मिळाल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

पुढे कंपनीचं त्यांच्याकडचं काम संपलं, पण माझं येरवड्याला त्यांच्या घरी जाणं सुरू झालं. छोटा, लख्ख फ्लॅट. बाहेरच्या खोलीत बुद्धमूर्ती, तिच्या शेजारी एका हसऱ्या तरुणाचा फोटो. मॅडमचे यजमान. ते लवकर गेले एवढंच मला ठाऊक होतं.

पहिल्याच भेटीत त्यांनी सुशी केली आणि मी पुन्हा हबकले. भात इंद्रायणी तांदळाचा. आत मासा म्हणजे कुरकुरीत तळलेला बोंबील. वर हिरव्या मिरचीचा ठेचा! आणि या बाई मांडी घालून हाताने खातायत, भातासकट सॉसमध्ये बुडवतायत, आणि तुकडा मोठा झाला म्हणून चक्क अर्धा तोडून ठेवतायत.

"मॅडम, अहो हे काय?"

"कच्चा मासा मला कधीच आवडला नाही," त्या शांतपणे म्हणाल्या. "गिळते. तोंड वाकडं न करता गिळते."

"आणि आम्हाला एवढं छळलंत ते?"

"आवड माझी आहे, रीत समोरच्याची. या दोन्हींची गल्लत करू नये. बाहेर मी त्याची रीत पाळते, घरात माझा बोंबील खाते. तू खा. तुझ्या भातात ती तांदळाची दारू घातलेली नाही, नुसतं व्हिनेगर आणि साखर आहे."

मी पुन्हा न सांगता त्यांनी हे लक्षात ठेवलं होतं. मी मोठा घास घेतला आणि डोळ्यांतल्या पाण्याचं खापर ठेच्यावर फोडलं.

त्यांचं आजारपण कळलं तेही असंच, जेवताना. डॉक्टरांनी आता फार आशा नाही म्हणून सांगितलं होतं. ते त्यांनी दूधवाला बदलल्यासारखं सांगून टाकलं. माझ्या हातातला घास हातातच राहिला.

"रडू नकोस, भात गार होतोय," म्हणाल्या. मग फोटोकडे पाहून बोलायला लागल्या. लग्नानंतर लगेच त्या यजमानांबरोबर जपानला गेल्या होत्या. ते कारखान्यात इंजिनिअर. भाषा येत नव्हती, ओळखीचं कुणी नव्हतं. आणि एका सकाळी कामावर असतानाच ते हृदयविकाराने गेले. इकडून कुणी पोहोचेपर्यंत दहन झालं. तिथल्या माणसाने मॅडमच्या हातात लांब काड्या ठेवल्या. दुसऱ्या बाजूला उभं राहायला घरचं कुणीच नव्हतं, म्हणून घरमालकीण उभी राहिली, एक म्हातारी विधवा.

"मला काड्या धरता येत नव्हत्या गं," मॅडम म्हणाल्या. "त्यांच्या पायाचं हाड माझ्या हातून पडलं. पुन्हा उचललं, पुन्हा पडलं. लोखंडावर आवाज झाला त्याचा. घरमालकिणीने माझ्या हातावर हात ठेवला आणि मग आम्ही दोघींनी उचललं. घरी आले आणि शेंगदाणे घेऊन बसले. इतके दिवस तिथे राहून मी काटा-चमचा वापरत होते, लाड होते माझे. आपल्या माणसाला धड उचलता आलं नाही मला."

इतकी वर्षं ही बाई त्या हातांनी माणसांना सुशी खायला शिकवत होती. माझ्या त्या काकडीच्या तुकड्याकडे बघताना तिला काय दिसलं असेल?

"आता माझं ऐक. माझ्या अस्थी पायांपासून उचला. पाय आधी, डोकं शेवटी, म्हणजे मडक्यात माणूस उभा राहतो. मला उलटी भरू नका. आणि दोघांनी, काडीवरून काडीवर. संदेशला सांगून पाहिलं, तो म्हणतो काकू, लोक काय म्हणतील." संदेश हा त्यांचा पुतण्या, त्यांचं सगळं करणारा. "तू उभी राहशील? तुमच्यात हे नाही, मला माहीत आहे. म्हणून विचारतेय, सांगत नाहीये. नको असेल तर तुला नको म्हणता येतं. मीच शिकवलंय."

मला खरंच नको होतं. भीती वाटत होती, अगदी लहान मुलासारखी. पण माझा हात काही आडवा झाला नाही. त्यांनी स्वयंपाकघरातून लांब चॉपस्टिकच्या दोन जोड्या आणल्या आणि माझ्या पर्समध्ये घातल्या.

घरी येऊन अब्बांना सांगितलं. मला वाटलं होतं, ओरडतील. ते संत्री निवडत होते, निवडत राहिले. मग म्हणाले, "मय्यत का काम है बेटा. उस में ना नहीं कहते."

मॅडम गेल्या तेव्हा संदेशचा फोन आला. दहनाला मी मागे उभी होते. दुसऱ्या दिवशी सकाळी सावडायला नातेवाईक जमले. राख गार झाली होती. संदेश हाताने अस्थी वेचायला खाली बसला, तेव्हा मी पर्समधून काड्या काढल्या. कुणीतरी म्हणालं, "हे काय आता?" आणि दुसरं कुणीतरी, "ही कोण?"

"काकूंनी सांगितलं होतं," मी संदेशला म्हटलं. "पायांपासून."

"तुम्हाला पण सांगितलं होतं त्यांनी?" तो माझ्याकडे बघतच राहिला. मग त्याने नातेवाइकांकडे पाहिलं. मला वाटलं, आता हा मला जायला सांगणार. पण त्याने हात पुढे केला. "द्या. पण मला येत नाही हो. त्या मागे लागायच्या, मी कधी बसलोच नाही दाणे घेऊन."

मी पायाकडचं एक हाड उचललं. इतकं हलकं असतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं. शेंगदाण्याहून जड नाही. मी ते पुढे केलं, संदेशने आपल्या काड्या आणल्या, त्या थरथरल्या आणि हाड राखेत पडलं. त्याने डोळे मिटून घेतले. मी पुन्हा उचललं, आणि या वेळी डावा हात त्याच्या हातावर ठेवला. सगळे बघत होते, बघू देत.

काड्या काड्यांना भिडल्या. त्या क्षणी माझी बोटं आपोआप आखडली. इतक्या दिवसांनीही ती फटक्याची वाट पाहत होती. फटका आला नाही. हाड माझ्याकडून संदेशकडे गेलं आणि संदेशने ते मडक्यात नीट उभं ठेवलं.