दाजींच्या कमरेचं कुलूप

कमलनगरात माझं सीट-कव्हरचं दुकान आहे. ट्रॅक्टर, जीप, मोटारसायकल, माणूस ज्यावर बसतो ते सगळं मी शिवतो. रिव्हॉल्व्हरला बसायची जागा शिवण्याचा प्रसंग माझ्यावर आणला तो दाजींनी.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या अक्काचे यजमान. फौजेतून निवृत्त झाले आणि आमच्याच जिल्ह्यातल्या कोळारच्या एका गोदामावर राखणदार म्हणून लागले. रिव्हॉल्व्हर स्वतःचं, परवाना स्वतःचा, आणि मिशी तर विचारूच नका.

एकदा ठाणाकुशनूरला घरी जाताना, जीपच्या दाटीत त्यांच्या कमरेच्या जुन्या पिशवीचं बटण निघालं आणि रिव्हॉल्व्हर घसरून शेजारच्या म्हातारीच्या मेथीच्या पाटीत पडलं. मेलेला उंदीर उचलावा तसं म्हातारीनं ते दोन बोटांत धरलं आणि अख्ख्या जीपला दाखवलं.

"कुणाचं हाय हे? सांभाळता येत न्हाई तर आणता कामून?"

ही बातमी दाजींच्या आधी गोदामावर पोचली. मालक म्हणाले, "अण्णा, सोमवारी मी स्वतः ओढून बघणार. माझ्या हातात आलं तर तुम्ही घरी."

झालं! नवी पिशवी शिवून घ्यायला दाजी माझ्या दुकानात येऊन बसले. हत्यार दुसऱ्याकडे ठेवायचं नाही, हा त्यांचा नियम. त्यामुळे गोळ्या काढलेलं रिव्हॉल्व्हर मांडीवर घेऊन ते सकाळपासून माझ्यासमोर. मी सुई घातली की लगेच, "टाका वाकडा जायलाय."

"दाजी, टाका सरळ हाय. तुम्ही वाकडे बसलाव."

दोन बटणं लावली, ती दाजी बसताच त्यांच्या पोटानं उघडली. बक्कल लावलं, ते काढेपर्यंत चोर गोदाम रिकामं करून उदगीरला पोचला असता. वेलक्रो लावलं, तर दाजी म्हणाले, "चर्रर्र आवाज ऐकून चोर पळून जाईल की!"

"मग चांगलंच हाय की!"

यावर त्यांनी दुपारभर अबोला धरला. त्या आठवड्यातली माझी तेवढीच सुखाची वेळ.

संध्याकाळी एक जीपवाला सीट फाटली म्हणून आला. मी जीपचं मागचं दार ओढलं, ते उघडेना. पाय लावून ओढलं, तरी नाही. जीपवाला हसला, "मामा, ओढू नगा. ओढलं की जास्तच धरतंय. आधी आत ढकला, मग ओढा."

ढकललं, ओढलं, आणि दार लोण्यासारखं उघडलं. मी त्या जीपवाल्याला मिठीच मारली. त्याची सीट तशीच फाटकी ठेवून मी आत पळालो.

बैलाच्या पट्ट्याचं जाड चामडं घेतलं. आतून स्टीलची एक पातळ पट्टी बसवली आणि तिला आकडा दिला. तो आकडा रिव्हॉल्व्हरच्या चापाभोवतीच्या कडीत अडकायचा. सरळ ओढलं की घट्ट धरायचा. आधी खाली दाबलं की पट्टी बाजूला सरायची आणि मगच हत्यार वर यायचं. चहाच्या हॉटेलातल्या सगळ्यांनी आळीपाळीनं ओढून बघितलं. दाजी रस्ताभर फरफटले, रिव्हॉल्व्हर जागचं हललं नाही.

सोमवारी अक्काच्या हुकुमानं मीही गोदामावर गेलो. गोळ्या टेबलावर काढून ठेवल्या. मालकांनी समोरून ओढलं, मागून ओढलं, दोन्ही हातांनी ओढलं. नाही! दाजींची मिशी वर चढली.

"शाब्बास. आता तुम्ही काढा."

दाजींनी टाचा जुळवल्या, छाती काढली आणि फौजी झटक्यानं सरळ ओढलं. नाही आलं. पुन्हा ओढलं.

मी कुजबुजलो, "दाजी, आधी दाबा!"

"मला शिकवायलास?" म्हणून त्यांनी तिसऱ्यांदा असं ओढलं की स्वतःच गर्रकन फिरले.

मालक हसून हसून खुर्चीत बसले. "राहू द्या, अण्णा. आमच्याकडं कुठं लढाई हाय? पडत न्हाई ना, बास. नोकरी पक्की."

परतीच्या बसमध्ये दाजींनी माझ्याकडे पाठ केली. घरात शिरताच गरजले, "तुझ्या भावानं माझी फौजेतली इज्जत घालवली!"

अक्कानं ताटात भाकरी वाढली. "नोकरी?"

"हाय."

"मग जेवा."

ते जेवले. आणि दाबून ओढायची ही युक्ती आपण फौजेतच शिकलो होतो, हे दुसऱ्या भाकरीपर्यंत त्यांनी पक्कं ठरवूनही टाकलं.