चहावरची साय

मीटिंगमध्ये चहा आला की सगळे शिक्षक माझ्या कपाकडे बघतात. मुख्याध्यापिकेने उचलल्याशिवाय कुणी कप उचलायचा नाही, असा नियम कुठे लिहिलेला नाही. पण तो मोडलेलाही मी कधी पाहिला नाही. आज मी मुद्दाम कपाला हात लावला नाही. म्हटलं, "शाळा आपल्या सगळ्यांची आहे. पुढे ती कशी व्हावी, हे आज तुम्ही सांगा. मी ऐकणार."

बाहेर मैदानावर मुलांचा गलका चालला होता. आत कपांवर साय धरत गेली. दुधावरची साय कौतुकाने काढून ठेवतात. ही नुसती ताटकळल्याची साय. शेवटी सगळ्यांत ज्येष्ठ जाधवसर म्हणाले, "मॅडम, तुम्ही म्हणाल तसं." माना डोलल्या.

संताप आला. वर्गात गरजणारी ही माणसं. इथे आली की यांची जीभ जाते कुठे? चिडून मी कप उचलला. लगेच सगळ्यांनी उचलले.

तो गार चहा घशाखाली उतरवताना कालची संस्थेची बैठक आठवली. "मोकळेपणाने बोला हं," असं अध्यक्षही म्हणाले होते. मी त्यांच्या कपाकडे बघत बसले होते.